चुन्याखालचा नरक

हॉरेस लार्टरला आमच्या चर्चबद्दल नेमकं काय माहीत होतं, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एवढंच देता येईल, की दार आत ढकलायचं असतं हे त्याला माहीत होतं. तेही त्याच्या लग्नाच्या दिवशी कळलं. नवरदेव बाहेर उभा राहून कडी ओढतोय, घामाघूम होतोय, आणि आतून म्हातारे पाद्री ओरडताहेत, "अरे ढकल, ढकल!" असा तो मंगल प्रसंग होता. त्यानंतर हॉरेस नाताळ, बारशी आणि मयती एवढ्यापुरताच चर्चमध्ये दिसला.

इतकी भक्कम पूर्वतयारी असल्यामुळे म्हातारपणी तो ऑकलथॉर्पच्या चर्चचा मार्गदर्शक झाला. त्याला कुणी नेमलं नव्हतं. नेमायला कुणी जागेवर असावं लागतं. आमच्या पाद्रीबाई टॅम्सिन यांच्याकडे आसपासच्या सगळ्या गावांची चर्चं आहेत, आणि रविवारी गाडीतून उतरल्यावर त्या आधी पाटी वाचून घेतात, आज आपण कुठे आहोत ते.

खरी नेमणूक केली त्याच्या बायकोने. हॉरेसचं मटणाचं दुकान होतं. उभा जन्म गल्ल्यामागे गेला. गिऱ्हाइकाला तो नुसतं मांस कधी द्यायचा नाही, त्या जनावराचं चरित्रही बांधून द्यायचा. "हे डुक्कर ना, काय सांगू तुम्हाला, सफरचंदांशिवाय कशाला तोंड लावलं नाही त्याने. आणि स्वभाव असा शांत, की न्यायला गेलो तर स्वतःच गाडीत चढून बसलं." डुक्कर हमरस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या गोठ्यातलंच असायचं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तरी लोक ऐकायचे, कारण पुडकं बांधून होईपर्यंत दुसरं काय करणार?

मग गुडघे गेले, दुकान विकलं, आणि हॉरेस घरी बसला. म्हणजे घरी बोलत बसला. आयव्ही अबोल बाई. तिला टेबलावर चित्राचे तुकडे पसरून शांतपणे जुळवत बसायला आवडायचं. एक दिवस तिने डब्यात सँडविच भरली, थर्मासमध्ये चहा ओतला आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"चर्च दिवसभर उघडं असतं," ती म्हणाली. "तिकडे जाऊन बस."

"तिथे काय करू?"

"मेलेल्यांशी बोल. त्यांना उठून जाता येत नाही."

मी विनी. चर्चमधलं पितळ घासायचं काम माझ्याकडे आहे. मेणबत्त्यांची घरं, दाराच्या मुठी आणि मुख्य म्हणजे तो भलामोठा पितळी गरुड, ज्याच्या पंखांवर ग्रंथ ठेवून वाचन होतं. त्या गरुडाच्या पिसापिसांत मेणाचे डाग आणि वटवाघळांची लेंडकं साचतात. वर तुळयांच्या टोकांना लाकडी देवदूत पंख पसरून बसवलेले आहेत आणि त्यांच्या काखांत वटवाघळं राहतात. यांतल्या एकांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हात लावलात तर दंड होतो. देवदूत नव्हेत ते. सांगायचं काय, की मी गरुड घासत असायचे आणि हॉरेसचा आवाज दुकानातच कमावलेला, त्यामुळे त्याचं पहिलं खोटं मी या कानांनी ऐकलं.

पाऊस होता. पावसात भिजलेलं एक जोडपं आत शिरलं. चर्चमध्ये माणसं येतात ती एक तर देवासाठी किंवा पावसामुळे, आणि आमच्या भागात पाऊसच जास्त भाविक. वेदी असते तो आमचा गाभारा. त्याच्या दक्षिणेच्या भिंतीत अगदी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक बुटकी खिडकी आहे. ती कशासाठी केली ते कुणालाच माहीत नाही.

"ही एवढी खाली खिडकी कशाला हो?" बाईंनी विचारलं.

हॉरेसला शांतता कधी सोसली नाही. "महारोग्यांसाठी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्यांना आत यायची बंदी. बिचारे बाहेर चिखलात गुडघे टेकायचे आणि इथून वेदीचं दर्शन घ्यायचे. पावसात, बर्फात." मग जरा थांबून त्याने मसाला घातला, "हाताला बोटं नाहीत."

"अगं बाई!" म्हणून त्यांनी खिडकीच्या चौकटीवरचा हात झटकन मागे घेतला.

त्या 'अगं बाई'ने हॉरेसचं वाटोळं केलं. उभ्या जन्मात सॉसेज विकताना कुणी त्याला 'अगं बाई' म्हटलं नव्हतं. त्या खिडकीबाहेर भिंतीला टेकू म्हणून असा दगडी धिरा बांधलाय, की तिथे महारोगी काय, मांजरालासुद्धा गुडघे टेकता यायचे नाहीत. पण ते बघायला बाहेर पावसात कोण जातंय?

पुढे मग सुटलाच तो. दारमंडपाच्या दगडावर खाचा आहेत. हॉरेस म्हणाला, तिरंदाजांनी लढाईला जाताना बाण पाजळले. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाभोवती कोरलेल्या माणसांची तोंडं फोडलेली आहेत. आमच्याच पूर्वजांनी, धर्म बदलल्याचा हुकूम आला तेव्हा मोठ्या हौसेने हातोडे आणून ती फोडली. हॉरेस म्हणाला, यादवीतल्या सैनिकांनी इथे घोडे बांधले होते, आणि घोडे कुंडातलं पाणी पिताना मूर्तींची नाकं चघळायचे. ते ऐकून लोक हळहळायचे. दगड चघळणाऱ्या घोड्यांबद्दल एकालाही शंका आली नाही. गाभारा सभामंडपाच्या सरळ रेषेत नाही, डावीकडे कललेला आहे. हॉरेस म्हणाला, क्रुसावर प्रभूची मान अशीच कलली होती, म्हणून मुद्दाम तसा बांधला. सांगताना तो स्वतःची मान कलती करायचा आणि डोळे मिटायचा. एका जर्मन बाईंना रडू आलं.

"गवंडी प्यायलेले होते," खांबामागून मेव्हिस क्युबिट म्हणाली.

मेव्हिस फुलं बघते. कुठल्या रविवारी कुठल्या खिडकीत कुठली फुलं, हे ती ठरवते. तिच्या मते चर्च ही मुळात एक मोठी फुलदाणी आहे आणि तिच्यात मधूनमधून प्रार्थना होतात. ती आणि हॉरेस शाळेत एका वर्गात होते, आणि तेव्हापासून एकमेकांशी न पटवून घेणं एवढं एकच काम दोघांनी सातत्याने केलंय.

भांडण पेटलं ते दगडी सरदारावरून. उत्तरेच्या भिंतीशी त्याची समाधी आहे. वर तो आडवा, पायावर पाय टाकलेला, नाक गायब, पायाशी सिंह. सिंह कसला, जेवण जास्त झालेला कुत्रा वाटतो. हॉरेस एका सहलीच्या घोळक्याला सांगत होता, "पाय असे एकावर एक टाकलेले असले, की समजायचं धर्मयुद्धाला जाऊन आलाय. जेरुसलेमच्या तटावर पहिला चढला तो हा. नाक तिथेच राहिलं."

"हॉरेस," मेव्हिस हातातली लिली न ठेवताच म्हणाली, "तो माणूस जन्मभर सख्ख्या भावाशी शेताच्या बांधावरून भांडला. इथल्या नॉर्विच शहराच्या पुढे कधी गेला नाही."

घोळका हसला. आणि 'अगं बाई'ची चटक लागलेल्या माणसाला हसणं कसं पचणार?

पुढच्याच आठवड्यात हॉरेसला एका बाकाचा शोध लागला. आमची बाकं जुनी, ओकच्या लाकडाची. प्रत्येक बाकाच्या टोकाला काहीतरी कोरलेलं आहे. कुठे मधाच्या पोळ्यात तोंड घातलेलं अस्वल, कुठे ढोल वाजवणारं डुक्कर. मधल्या वाटेवरच्या एका बाकावर एक बाई आहे. आ वासलेला, आणि तोंडातून काहीतरी लांबडं बाहेर आलेलं.

"ही मार्जरी क्युबिट," हॉरेस पाहुण्यांना म्हणाला. "जीभ बघा. कुणाच्या घरी काय शिजतं, कुणाच्या मागच्या दाराने कोण जातं, सगळं गावभर करायची. शेवटी सुताराने तिला बाकावर कोरली, म्हणजे दर रविवारी लोकांनी तिच्या थोबाडावर कोपर टेकून बसावं."

"तिच्या वंशातलं कुणी आहे का अजून गावात?"

"आहे की. ती बघा, तिकडे फुलं लावतेय."

सगळ्यांनी वळून मेव्हिसकडे पाहिलं. एकाने तिचा फोटो काढला, मग बाकाचा काढला, मग ताडून पाहायला पुन्हा तिचा काढला. मेव्हिस शांतपणे चालत आली. हातातल्या फुलदाणीतलं आठवडाभराचं कुजकं पाणी तिने हॉरेसच्या बुटांवर ओतलं.

"चुकून सांडलं हं," ती पाहुण्यांना म्हणाली. "आमच्या घराण्यात जीभ लांब आणि हात कापरे."

पण हॉरेसची खरी कारागिरी वेगळीच. सभामंडप संपतो आणि गाभारा सुरू होतो तिथे मोठी कमान आहे, आणि कमानीच्या वर नुसती चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. म्हणजे हॉरेसला सोयीचंच. जुन्या काळी अशा भिंतीवर शेवटच्या न्यायाचं चित्र असायचं, वर स्वर्ग, खाली नरक, हे त्याने कुठल्याशा दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये ऐकलं होतं. झालं. आमच्याही चुन्याखाली ते आहे, असं त्याने जाहीर केलं आणि वर्षानुवर्षं तो ते चित्र बोट दाखवून लोकांना दाखवत राहिला.

"इथे नरकाचा जबडा. माशासारखा, दातांच्या दोन रांगा. हे भूत गिरणीवाल्याला काट्यावर खोचून नेतंय, कारण तो पीठ कमी तोलायचा. ही दारू गाळणारी बाई, अजून हातात मग धरलाय. आणि त्या बाजूला स्वर्ग. तिकडे पुण्यवान लोक. पाद्री एकही नाही, बघा. एक खाटीक आहे मात्र."

लोक माना मागे टाकून कोऱ्या भिंतीकडे बघत राहायचे. खोटं कशाला बोलू, गरुड घासता घासता मीही बघायचे, आणि एका हिवाळ्यात मला त्या बाईच्या हातातला मग दिसायला लागला. गिरणीवाल्यांच्या घराण्यातली एक सून तर पाद्रीबाईंकडे तक्रार घेऊन गेली, की भिंतीवरच्या चित्रात आमच्या सासरची बदनामी होतेय. पाद्रीबाईंनी भिंत बघितली, सुनेकडे बघितलं, आणि पुढच्या गावाला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या.

मग त्या वर्षी सुगीच्या प्रार्थनेला, वेदीपुढे भोपळे, पाव, कांद्यांच्या माळा मांडलेल्या असताना, कमानीवरचा ओला गिलावा सुटला आणि मेव्हिसच्या भोपळ्यावर पडला. कुणाला लागलं नाही. भोपळ्याचा मात्र चेंदा झाला. भिंतीत ओल शिरली होती. दुरुस्तीआधी तज्ज्ञ बोलवायला हवा, असा वरून निरोप आला, आणि हेस्टर फॅरो आली. जुन्या भिंतींवरची चित्रं सांभाळणं हा तिचा धंदा. चिखलाचे बूट, पाठीवर पिशवी, केस कसेतरी बांधलेले. हॉरेसला वाटलं पदभ्रमणवाली पाहुणी. त्याने तिला धरलं आणि सगळं चर्च फिरवलं. महारोगी, बाण, घोडे, प्रभूची मान, जेरुसलेमचा तट, मार्जरी. शेवटी नरक.

ती मधे एक शब्द बोलली नाही. हॉरेसला वाटलं, एवढा चांगला श्रोता आजवर मिळाला नाही.

सगळं झाल्यावर तिने विचारलं, "हे तुम्हाला कशावरून कळलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "कशावरून म्हणजे? सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना कुणी सांगितलं?"

हॉरेसने खरोखर विचार केला. मी बघत होते, कपाळाला आठ्या पडल्या. "मी," तो म्हणाला.

"बरं," हेस्टर म्हणाली, आणि पिशवीतून तिने मोजपट्टी आणि दिवा काढला. तेव्हा हॉरेसला कळलं की आपण कुणाला काय सांगून बसलो.

पण माणूस हिमतीचा. आता माघार घ्यायची तर गावात तोंड कसं दाखवणार? परांची बांधली गेली, हेस्टर वर चढून बारीक सुरीने चुन्याचा थर न् थर उचलायला लागली, आणि हॉरेस खाली उभा राहून येईल त्याला सांगायला लागला, "आता बघाच. डावीकडून सुरू केलंय तिने, म्हणजे पहिला गिरणीवाला निघणार." गाव रोज डोकावून जायचं. दारूच्या गुत्त्यात पैजा लागल्या, आधी जबडा की आधी खाटीक. आयव्हीसुद्धा एकदा आली, वर बघितलं, "माझं चित्र यापेक्षा लवकर जुळतं," म्हणाली आणि गेली.

अखेर एका दुपारी हेस्टरने वरून हाक मारली, "काहीतरी लागलंय."

आम्ही सगळे कमानीखाली जमलो. पाद्रीबाईही होत्या, त्यांचा आमच्या गावचा दिवस होता. काळा रंग दिसत होता. "दात!" हॉरेस ओरडला. "दातांची रांग आहे ती!"

"अक्षरं आहेत," हेस्टर म्हणाली.

अक्षरंच होती. जाडजूड, काळी, जुन्या वळणाची. आठवडाभरात ओळीच्या ओळी बाहेर आल्या. चित्रं पुसून त्यांच्या जागी बायबलातल्या दहा आज्ञा लिहायची एक लाट येऊन गेली होती, त्या लाटेत आमच्या भिंतीवर कुणीतरी सुबक हाताने त्या लिहून ठेवल्या होत्या. बऱ्याच ओळी ओलीने खाल्लेल्या. एक तेवढी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत शाबूत, जणू काल लिहिलेली. पाद्रीबाई चष्मा सावरून ती मोठ्याने वाचायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. 'खोटी साक्ष देऊ नकोस', ही ती आज्ञा होती.

मग मेव्हिसला हसू फुटलं. ती इतकी हसली, की तिला धरून बाकावर बसवावं लागलं, आणि नेमक्या मार्जरीच्या बाकावर बसवलं गेलं, त्यामुळे ती आणखी हसायला लागली. हॉरेस वर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

हेस्टरला त्याची दया आली असावी. जाण्याआधी तिने त्याला परांचीवर बोलावलं. गुडघे कुरकुरत तो चढला. अगदी कोपऱ्यात, अक्षरांच्या थराखाली, जुन्या रंगाचा एक तुकडा उरला होता. बाकीचा सगळा गिलावा पूर्वीच खरवडून काढलेला. त्या तुकड्यावर एक पाय होता. लालसर, तीन बोटांचा, नखं वाढलेली.

"भूत!" हॉरेस म्हणाला. "बघा! मी म्हणत होतो!"

"हो," हेस्टर म्हणाली. "एका पायापुरतं तुमचं बरोबर होतं."

नंतर गावच्या सभागृहात तिचं भाषण झालं, 'आपल्या चर्चबद्दल आपल्याला काय माहीत आहे' या विषयावर. चहा, जॅमचा केक आणि तुडुंब गर्दी. इतकी गर्दी नाताळला नसते, पण नाताळला शेजाऱ्याची फजिती बघायला मिळत नाही ना. हेस्टरने हॉरेसचं नाव एकदाही घेतलं नाही. ती नुसती एकेक गोष्ट घेत गेली, आणि प्रत्येक गोष्टीला सगळं सभागृह पहिल्या रांगेतल्या हॉरेसच्या मानेकडे बघत गेलं. महारोगी नाहीत. बाण नाहीत. घोडे नाहीत. गाभारा कललाय कारण तो नंतर बांधला आणि बांधणाऱ्यांचा अंदाज चुकला. पायावर पाय टाकलेले सरदार घरीच बसलेलेही असतात, ती त्या काळची कोरायची पद्धत.

"आणि बाकावरची ती बाई," हेस्टर म्हणाली, "बहुधा संत अपोलोनिया. तिचे दात चिमट्याने उपटून तिचा छळ केला होता. दातदुखीवाले तिची प्रार्थना करायचे. तोंडात दिसते ती जीभ नाही, मोडलेल्या चिमट्याचं टोक आहे."

मेव्हिस उभी राहिली. "म्हणजे ती संत?"

"बहुधा."

"मग ती आमचीच," मेव्हिस म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवसापासून हॉरेस चर्चला आला नाही. त्याच्या जागी फलक आले. हेस्टरच्या टिपणांवरून वरच्या कचेरीने तयार केलेले, प्लास्टिकमध्ये घातलेले, शंभर टक्के खरे आणि वाचताना जांभई आवरू नये असे. पाहुणे यायचे, फलकाची पहिली ओळ वाचायचे, मान हलवायचे आणि पाऊस थांबला का ते बघायला दाराकडे जायचे. कोणी मान मागे टाकून वर बघेना. कोणी 'अगं बाई' म्हणेना. मी गरुड घासत राहिले. इतका चकचकीत तो कधीच नव्हता, कारण ऐकायला काही उरलं नव्हतं.

हाल झाले ते आयव्हीचे. एक दिवस ती मेव्हिसला चर्चच्या फाटकापाशीच गाठून म्हणाली, "मेव्हिस, त्याला घेऊन जा गं."

"बोलतो का फार?"

"बोलत नाही," आयव्ही म्हणाली. "तेच सांगतेय. सकाळपासून खिडकीशी बसतो. काल विचारलं, चहा करू का, तर म्हणाला, कर. नुसतं कर. चहा कुठल्या बेटावरून आला, बोटीत काय झालं, काही नाही. मला भीती वाटते."

मेव्हिस मला सोबत घेऊन गेली. हॉरेस खरंच खिडकीशी होता, दाढी वाढलेली.

"ऊठ," मेव्हिस म्हणाली. "फुलं लावायची की लोकांना उत्तरं द्यायची? सगळे मलाच विचारतात."

"फलक आहेत ना."

"फलकाला प्रश्न विचारता येत नाही. चल."

"येऊन काय सांगू?"

"खरं सांग. आता तुला माहीत आहे ते."

"खरं फार थोडं आहे गं, मेव्हिस." त्याने वाढलेली दाढी खाजवली. "दुकानात मी काहीबाही सांगायचो, पण शेवटी माणूस घरी चॉप घेऊन जायचा ना? चॉप खरा असायचा. त्याच्या पोरांच्या पोटात जायचा. इथे लोक माझ्याकडून काय घेऊन गेले? ती जर्मन बाई रडली होती. गवंड्याच्या चुकीवर रडली बिचारी."

मेव्हिसने त्याचा कोट खुंटीवरून काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला. "बूट मात्र दुसरे घाल," ती म्हणाली. "त्या बुटांना अजून वास येतो."

तो आला. सुरुवात वाईट झाली. दारमंडपात उभा राहून तो सांगायचा, "या खाचा. कशाच्या, माहीत नाही." मग आत. "ही खिडकी. का, माहीत नाही." पाहुणे एकमेकांकडे बघायचे, याला ठेवलाय कशाला म्हणून. पण दुकानदार तो दुकानदारच. हळूहळू 'माहीत नाही'लाही त्याने मसाला लावला. "मोठमोठे विद्वान आले," तो खालच्या आवाजात म्हणायला लागला, "इथे, या फरशीवर पालथे पडून बघितलं त्यांनी. आणि कपडे झटकून परत गेले. कुणालाही. माहीत. नाही." लोक खिडकीसमोर वाकून वाकून बघायला लागले. भुताचा पाय दाखवायला त्याने एक लांब पल्ल्याचा दिवा आणला. हेस्टरला तो अधूनमधून फोन करतो, दगडी सिंहाबद्दल नाहीतर छपराबद्दल विचारायला, आणि ती जे सांगेल ते तसंच्या तसं सांगतो, फक्त दुप्पट वेळ घेऊन.

मागच्या वसंतात नॉर्विचहून एक बाई आल्या. खेडोपाडी तोंडोतोंडी चालत आलेल्या कथा त्या गोळा करतात. महारोग्यांची खिडकी, मार्जरीची जीभ, चुन्याखालचा नरक, हे सगळं त्यांना कुठल्याशा जुन्या पाहुण्याकडून कळलं होतं.

"त्या मी रचल्या," हॉरेस म्हणाला.

"हो, पण तुम्ही कुणाकडून ऐकल्या?"

"कुणाकडून नाही. मी खाटीक होतो, बाई. बाहेर बघा, त्या खिडकीबाहेर धिरा आहे. महारोगी बसणार कुठे?"

बाईंनी समजून घेतल्यासारखी मान हलवली. "फार विनयशील असतात ही माणसं," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी मेव्हिसला विचारलं. मेव्हिसने फुलांच्या देठांची टोकं कापता कापता, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलं, की मार्जरीची गोष्ट तिच्या आजीला तिच्या आजीने सांगितली होती, फक्त त्यात मार्जरी दात काढायची आणि लार्टरांच्या कुणाचा तरी चुकीचा दात काढून बसली होती. बाईंनी ते सगळं ध्वनिमुद्रित केलं. हॉरेस तोंड उघडून बघत राहिला. आपलं खोटं आपल्याच समोर आपल्यापेक्षा चांगलं सांगितलं जातंय, याचा धक्का त्याला त्या आज्ञांपेक्षा जास्त बसला असावा.

सध्या गावात वाद वेगळाच आहे. मनोऱ्याखालच्या रिकाम्या जागेत संडास बांधावा का? वरची समिती त्यावर इतकी वर्षं विचार करतेय, की तेवढ्यात जुन्या लोकांनी मनोरा बांधून वर घंटाही चढवल्या असत्या. जुन्या दगडाला धक्का लागेल, वटवाघळांना त्रास होईल, पूर्वजांच्या हाडांतून नळ जाईल. हॉरेस आणि मेव्हिस दोघंही संडासाच्या बाजूने आहेत, वयच तसं आहे. शाळेपासून आजवर पहिल्यांदाच दोघांचं एकमत झाल्यामुळे गाव जरा धास्तावलंय. तोवर कुणी पाहुणा अवघडून इकडेतिकडे बघायला लागला, की हॉरेस त्याला हाताला धरून दारमंडपात नेतो आणि समोरच्या गुत्त्याकडे बोट दाखवून हळूच म्हणतो, "डावीकडचं दुसरं दार. मी स्वतः जाऊन आलोय, हे अगदी खात्रीने सांगतो."